ड्रेसिंगच्या खोलीतली सिस्टर

भाजलेल्यांच्या ड्रेसिंगच्या खोलीत तिची बदली झाली, तेव्हा घरी वहिनीला हसू आवरेना. जिच्या नाकावर राग, तिलाच ओरडणाऱ्यांच्या खोलीत पाठवलंय, म्हणजे आगीत तेलच, असं तिचं म्हणणं. खोटं नव्हतं ते. साधा टॉवेल पलंगावर पडलेला दिसला तरी ही घर डोक्यावर घ्यायची. पण खोलीत पाऊल टाकताना तिने मनाशी पक्कं केलं होतं, की राग आला तर येऊ दे, तो हातात उतरता कामा नये. सिस्टरचा हात थरथरला की भोग पेशंटच्या वाट्याला येतात.

मग एक वेल्डर आला. वयाने तिच्या काकांएवढा, दोन्ही पाय गुडघ्याखाली भाजलेले. पहिल्या दिवशी त्याने शिव्यांची लाखोली वाहिली आणि हाताच्या फटक्याने ट्रे उडवला. दुसऱ्या दिवशी तिचं मनगट पिरगाळलं. बाकीच्या सिस्टर त्याच्या वाऱ्याला उभ्या राहीनात.

तिने मात्र एक गोष्ट हेरली होती. अंगाला हात लागायच्या आधीच तो ओरडायचा. म्हणजे दुखण्याआधी धास्ती होती. तिने डॉक्टरांना सांगून वेदनेचं औषध ड्रेसिंगच्या बरंच आधी द्यायला लावलं, स्टूल ओढलं आणि ती त्याच्यासमोर बसली.

"काका, तुम्ही 'थांब' म्हणालात की मी त्या क्षणी थांबेन. पण हात उचललात, तर उठून जाईन. परत येईन, पण जाईन नक्की."

"जा की मग," म्हणत त्याने हात उगारलाच.

ती उठून गेली. बाहेर भिंतीला टेकून तिने तोंडाशी आलेलं सगळं गिळलं, दोन-चार लांब श्वास सोडले, आणि ती पाणी प्यायली. मग आत येऊन त्याच आवाजात विचारलं, सुरू करू का? तो बघतच राहिला. ही परत येईल असं त्याला वाटलं नव्हतं.

ओला बोळा लागताच तो "थांब" म्हणाला. ती थांबली. पुन्हा म्हणाला, पुन्हा थांबली. बाहेर रांगेत कुरकुर सुरू झाली, तरी तिने घाई केली नाही. शेवटी तोच वैतागून म्हणाला, "उरक आता."

शिव्या काही थांबल्या नाहीत, फक्त त्या आता तिच्याऐवजी पट्टीला बसू लागल्या. एकदा त्याने हळूच विचारलं, "मी परत कामावर उभा राहीन का गं?"

"पायांवर उभे राहाल, काका. आगीजवळ जाल की नाही, ते मला नाही सांगता येत."

तो भिंतीकडे तोंड करून रडला. ती पट्टी बांधत राहिली.

काही आठवड्यांनी पायांवर नवी कातडी धरली आणि तो काठी टेकत, मागे न बघता निघून गेला. मेट्रननी तिला बोलावून लसीकरणाच्या शांत खोलीत बदली देऊ केली. म्हणाल्या, तुझं खूप झालं, आता जरा दम खा.

"मला इथेच राहू द्या, मॅडम," ती म्हणाली. "आता कुठे जमायला लागलंय."