साडूंची सुई आणि रेघांचा कागद

गोंदिया जिल्ह्यात ज्याच्या बोटाला आमच्या साडूंनी सुई टोचलेली नाही, असा माणूस एक तर अजून जन्मायचा आहे, नाहीतर साडूंना येताना बघून चोरखमाऱ्याच्या तलावात बुडी मारून बसला आहे. सरकारी दवाखान्यात रक्त तपासणं ही त्यांची नोकरी. सिकलसेल शोधणं हा नाद. हा आजार आईबापांच्या रक्तातून येतो, म्हणून सोयरीक जमण्याआधी रक्त बघा, एवढाच त्यांचा धर्म. आजारी असेल त्याला लाल कार्ड, ज्याच्या अंगात आजार नुसताच लपून बसलाय त्या वाहकाला पिवळं. माणसांची नावं ते विसरतात, रंग नाही. कोहमाऱ्याच्या ढाब्यावर त्यांनी एकदा "अबे ए पिवळ्या!" अशी हाक मारली, तर तीन गिऱ्हाइकं आणि भाजी वाढणारा, असे चौघं वळले. एका वरातीत तर त्यांनी नवरदेवाला घोड्यावरच टोचलं. घोडा तेवढा सोडला, असं लोक सांगतात. मी तिथं होतो, घोड्याकडेही त्यांनी बराच वेळ विचारपूर्वक पाहिलं होतं.

माझ्या पोरीच्या, सोनलच्या साक्षगंधाला आम्ही त्यांना मुद्दाम उशिराची वेळ कळवली. ते तासभर आधी हजर, काखेत पिशवी. पाहुण्यांच्या हातात पोह्यांच्या बश्या, आणि हे नवऱ्या मुलासमोर मांडी घालून, "बोट इकडं करा, जावईबापू."

मुलाचे वडील उखडले. "आमी सोयरीक कराले आलो का दवाखान्यात आलो?"

"सोयरीक झाली का मंग दवाखान्यातच या लागते. कायले घाई करता?"

रक्त नळीतल्या औषधात पडलं. साडूंनी नळीमागं रेघांचा कागद धरला. रेघा दिसल्या तर बरं, पुसल्या तर काळजी. रेघा पुसल्या. आठ दिवसांनी पक्क्या तपासणीचा कागद आला: मुलगा पिवळा. आमची सोनल शाळेपासून पिवळी.

"दोघं पिवळे, म्हंजे हरेक लेकराच्या वेळी चारातून एक धोका लालचा," साडूंनी तिला समजावलं. सगळ्या आळीला समजलं.

"मावसाजी, मले हाच पाह्यजे."

बायको रडायला लागली. साडूंनी कागदाची घडी केली. "त मंग कर. पण दिवस गेले का पहिले मले सांगजो, मंग आईले."

लग्नानंतर तिनं खरंच तसं केलं, आणि माझी बायको आपल्या भाऊजींशी महिनाभर बोलली नाही. साडू मात्र पोरीला आणि जावयाला घेऊन नागपूरला गेले, पोटातल्या बाळाची तपासणी करून आणली, आणि अहवाल येईपर्यंत आमच्या ओसरीवर ठाण मांडून बसले. त्या दिवसांत त्यांनी कोणाला टोचलं नाही. दूधवाला बिनधास्त आत यायला लागला.

जावयानं पाकीट आणलं ते साडूंच्या हातात दिलं. ज्यानं उभ्या जिल्ह्याचे अहवाल चौकात ओरडून वाचले, त्या माणसानं पाकीट उलटं केलं, सुलटं केलं आणि माझ्याकडे सरकवलं.

"साडूभाऊ, तुमी वाचा. माझा चश्मा घरी राह्यला."

चष्मा त्यांच्या नाकावर होता.

मी वाचलं. "वाहक. पिवळं."

सोनल खांबाला टेकली. साडू मान खाली घालून बसले होते. मग त्यांना मुळीच न शोभणाऱ्या बारीक आवाजात म्हणाले, "आणखी एकडाव वाचा."

मी आणखी एकदा वाचलं.