हरिपूरचं पेव आणि आमचे हेडक्लार्क

एक जून. कचेरीला रंग द्यायचाय, म्हणून सकाळपासून कपाटं रिकामी करते आहे. रंगारी शिडी लावायच्या आधीच म्हणाला, "बाई, वरचा कोपरा कोरडा आहे. मालकांनी सांगितलंय." माझ्या तोंडून निघून गेलं, "बघितलासा, का कुणी सांगितलं?"

तो चमकला. साताऱ्यात असं कुणी बोलत नाही. पण शिडीवर चढला, कोपऱ्याला हात लावला आणि खाली येऊन म्हणाला, "ओला आहे."

हे वाक्य माझं नाही. सत्तरच्या दशकात सांगलीच्या एका ऑडिट फर्ममध्ये मी आर्टिकल क्लार्क म्हणून लागले, तिथल्या हेडक्लार्कचं ते आहे. दिवसातून वीस वेळा तरी ते म्हणायचे. शिपाई म्हणाला की पोस्टमन येऊन गेला, तर "बघितलासा, का कुणी सांगितलं?" घरी बायकोनं आमटीत मीठ घातलंय म्हटलं, तरी हाच प्रश्न विचारत असणार असा आमचा अंदाज होता. ते मात्र कुणी बघितलं नव्हतं, नुसता अंदाजच.

अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. स्वतः परीक्षा पास नसतात, पण पास झालेल्या सगळ्यांना त्यांनीच शिकवलेलं असतं. आमच्या साहेबांच्या सहीखाली सी.ए. लिहिलेलं असे. पण ताळेबंद हेडक्लार्कच्या हातून गेल्याशिवाय साहेब पेनाचं टोपण काढत नसत.

दिसायला बारीक, टोपी पांढरी, हातात बारा महिने छत्री. सांगलीकडच्या जैन शेतकऱ्याचं घर, त्यामुळे सूर्य मावळायच्या आत जेवण. साडेपाचला ते पेन्सिली गोळा करत. साहेबांनी महत्त्वाचं काम काढलं, तर शांतपणे खिडकीकडे बोट दाखवत. सूर्यापुढे साहेबांचंही काही चालत नसे.

जमिनीखाली उगवलेलं ते खात नसत. एका पेढीवर आमच्यासमोर वडे आले. यांनी विचारलं, "बटाटा?"

"छे हो, कांद्याचे आहेत," मालक म्हणाले.

"तोही खालचाच."

"मग हळद कशी चालते तुम्हाला? ती काय झाडाला लागते?"

"वाळली की चालते," हे म्हणाले, आणि वड्यांची बशी माझ्याकडे सरकवली. मी सहा खाल्ले. त्यांनी मोजले असणार.

फर्ममधली मी पहिलीच मुलगी. वडिलांच्या ओळखीमुळे साहेबांनी घेतलं, पण घेऊन करायचं काय ते त्यांना कळेना. वडिलांनी साताऱ्याहून निघताना बजावलं होतं, "वर्षभर बघू. तिथं नुसत्या बेरजाच करणार असशील तर परत ये. शाळेत नोकरी बघू, स्थळं आहेतच." म्हणजे बाहेर जाऊन ऑडिट करायला मिळालं तर मी सी.ए. होणार, नाहीतर स्थळं आहेतच. माझं सगळं पुढचं त्या एका वर्षावर होतं.

आणि पहिले चार महिने मी नुसत्या बेरजाच केल्या. हेडक्लार्क वही पुढे टाकत. मी वरून खाली बेरीज करून दाखवली की म्हणत, "वरून खाली आलासा. आता खालून वर जावा." ते मला अक्का म्हणत. मी एकवीस वर्षांची, ते पन्नाशी ओलांडलेले, आणि मी त्यांची अक्का. त्या बाजूला तशी रीत आहे.

एक दिवस मी सरळ विचारलं, "मला बाहेरच्या कामाला का नेत नाही?"

ते छत्रीच्या मुठीकडे बघत म्हणाले, "चौकशी चाललीय."

कसली चौकशी ते कळलं नाही. मी रागावून दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षात आलं की नाही, हेही कळलं नाही.

पुढच्या आठवड्यात ते मला कवठे महांकाळला एका सोसायटीच्या ऑडिटला घेऊन गेले. एसटीनं दीड-दोन तास. उतरल्यावर कचेरीत जायचं सोडून ते मला मागच्या आळीत एका घरासमोर घेऊन गेले. "इथं चेअरमनांच्या वहिनी असतात. नमस्कार करून या. मी कोपऱ्यावर थांबतो."

मला वाटलं, काय हा जुना माणूस! गेले, नमस्कार केला. वहिनी हसून म्हणाल्या, "मागच्या दारी हाय बगा मोरी आन् पाण्याचा हंडा. दुपारच्यालाबी या, लाजू नगा."

तेव्हा डोक्यात उजेड पडला. त्या काळात पेढ्या, गोदामं, सोसायट्या, कुठेही बाईमाणसाची सोय नसे, आणि ही अडचण पुरुषांच्या ध्यानातही येत नसे. या माणसाच्या आली होती. पण ती तोंडानं बोलणं त्यांना जन्मात जमलं नसतं. म्हणून चार महिने त्यांनी गावोगावी चौकशा केल्या होत्या. त्यांच्या खिशातल्या डायरीत प्रत्येक अशिलाच्या पुढे हिरव्या पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: कुणाच्या वहिनी, कुणाच्या आत्या, कुणाची सासू कडक आहे पण दुपारी झोपते.

फक्त विट्यात त्यांचा पेच झाला. तिथल्या एका घरातले झाडून सगळे पुरुष दूरच्या शहरांत सोनं गाळायच्या धंद्यावर. घरात सात बायका, आणि हिशेबाची कागदपत्रं सगळ्यात थोरल्या काकूंच्या ट्रंकेत. हे उंबऱ्याशी अडले. "अक्का, आज तुम्ही आत. मी ओट्यावर." मी आतून एकेक कागद आणून द्यायची, ते बाहेर टिक करायचे. काकू म्हणाल्या, "तुमच्या सायबाला लय लाज हाय बगा." त्यांना साहेब म्हटलेलं मी तेवढं एकदाच ऐकलं.

पुढचं थोडक्यात सांगते. मी पास झाले. फर्मनं साताऱ्याला शाखा काढली ती माझ्यावर सोपवून, नंतर ती माझीच झाली. उद्घाटनाला ते एसटीनं आले. हार, पेढे, साहेबांचं भाषण, काही बघितलं नाही. जिना चढून आले आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच सगळ्यांदेखत मोठ्यानं विचारलं, "बायकांची सोय कुठाय?" मी दाखवली. कडी लागते का, नळाला पाणी येतं का, ते बघून आले आणि मगच पेढा घेतला. त्यांना जाऊन आता चार वर्षं होतील. मुलाचं पत्र आलं ते महिन्यानंतर, मला जाता आलं नाही.

पण मला लिहायचंय ते त्यांच्या एका खोट्याबद्दल. ते माझ्या पहिल्याच वर्षात झालं.

सांगलीजवळ हरिपूरला हळद जमिनीखाली साठवत. खोल पेवं खणलेली, तोंड अरुंद, पोट मोठं. वसंतात हळद भरायची, तोंड मातीनं लिंपायचं, की भाव येईपर्यंत वर्षानुवर्षं ती तशीच राहते. आमचे एक अशील हळदीचे मोठे व्यापारी. दिवाळीच्या आधी त्यांचा साठा तपासायचा होता. नेमके हेडक्लार्क तापानं पडले. साहेबांनी मला बोलावलं. "हरिपूरला जा. शेठची पेवं मोजून या."

माझं एकटीचं पहिलं काम! सायकलवरून गेले. मुकादमानं लिंपलेली तोंडं दाखवली. "ही बगा सात. समदी भरल्याली हायती."

माझ्या कानात ते वाक्य वाजायला लागलंच होतं. भरलेली आहेत हे मी कुठे बघितलं होतं? मुकादमानं सांगितलं होतं. मी म्हटलं, "एक उघडा."

"फोडू म्हंतासा? मालकास्नी इचारलंय न्हवं?"

"मालकांच्याच कामाला आले आहे," मी म्हटलं. वाक्य खरं होतं, पण उत्तर नव्हतं.

त्यानं दोन गडी बोलावले. माती फुटली, फरशी सरकली. मी वाकले तर मुकादम ओरडला, "तोंड आत घालू नगासा! विखारी वाफ असतिया!" त्यानं दोरीनं कंदील फूटभर खाली सोडला, तो फप्पकन विझला. थोड्या वेळानं हात घालू दिला. पेव गळ्यापर्यंत भरलेलं होतं. मी समाधानानं वहीत लिहिलं आणि म्हणाले, "झालं. आता लावा झाकण."

मुकादम माझ्याकडे बघतच राहिला. "झाकण? आवं अक्का, ही काय लोणच्याची बरणी हाय व्हय? एकदा फोडलं की समदी हळद भाईर काढाय लागतीया. वारं लागलं की किडा. आज वाफ जाऊ दे, उद्या सकाळी माणसं उतरवाय लागतील." मग हळूच विचारलं, "तुमी बँकेच्या न्हाई व्हय? मला वाटलं, कर्जाच्या तपासनीला धाडल्यात."

दुपारी तीनला शेठ आमच्या कचेरीत उभे. भाव पडलेले, आणखी वर्षभर थांबायचा त्यांचा विचार, आणि एका पोरीनं त्यांचं पेव फोडलं होतं. "तुमच्याकडं माणसं न्हाईत काय, साहेब? का बाहुलाबाहुलीचा खेळ मांडलाय? हिला काढा, न्हाईतर माझ्या वह्या परत द्या."

साहेबांनी मला विचारलं, "कुणाला विचारून उघडलंत?"

मी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला, "मी सांगितलं होतं."

हेडक्लार्क. तापातून त्याच दिवशी उठून आलेले, टोपीवरून मफलर गुंडाळलेला. "मी निरोप धाडला होता अक्कांना, की एक फोडून बघा. शेठ, चूक माझी. ताप होता, सुचलं नाही."

वीस वर्षं फर्ममध्ये असलेल्या माणसाला साहेब काढू शकत नव्हते, आणि शेठलाही त्यांच्यासमोर आवाज चढवता येईना. ठरलं ते असं: दिवाळीनंतर हेडक्लार्कनी बाहेरच्या कामाला जायचं नाही. टेबलाशी बसायचं. ते "बरं" म्हणाले. आणि मी गप्प बसले. आडपडदा कशाला ठेवू? खरं मी सांगितलं नाही, कारण डोळ्यांसमोर साताऱ्याची एसटी दिसत होती.

ते साडेपाचला गेल्यावर मी शेठच्या पेवांची फाईल काढली. एप्रिलमधला कागद वरच होता. "सातही पेवे माझे समक्ष भरली." खाली हिरवी टिक आणि तारखा. सात दिवस ते उन्हात काठावर बसले होते. पेव भरताना बघायचं असतं. फाईल हाताशी असून मी ती वाचली नव्हती.

तशीच त्यांच्या घरी गेले. दारात त्यांच्या बायको उभ्या होत्या. "या की आत. तुम्ही तरी विचारा ह्यांना. तापातून उठलेला माणूस, मऊ भात वाढला तर ताटावरून उठले. उपास म्हणे. आज कसला उपास? तिथी न्हाई, काही न्हाई."

ते आत चटईवर बसले होते. मी म्हटलं, "तुम्ही खोटं का बोललात?"

"ती पेवं मी भरताना बघितली होती, अक्का. आधी फाईल वाचा, एवढं तुम्हाला सांगायचं राहिलं. मग चूक कुणाची?"

"पण उघडायला तुम्ही सांगितलं नव्हतं."

"न्हवतं," ते म्हणाले. "म्हणून तर जेवलो नाही."

त्यांच्या बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. खिडकीत ऊन होतं तोवर मी तिथे बसून राहिले, की अजूनही जेवतील. ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीप्रमाणे आधी बस्तीत, म्हणजे जैन देवळात, दर्शनाला गेलेले असणार. त्यांच्या खुर्चीवर कुणी नव्हतं. मी साहेबांच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्याच सांगितलं, "पेव मी माझ्या मनानं उघडायला लावलं. मला कुणाचाही निरोप आला नव्हता. फाईलही वाचली नव्हती."

साहेबांनी टेबलावरचा एक कागद सरळ केला. "मग तुमचं काय करायचं?"

"ते तुम्ही ठरवा," मी म्हटलं. "आज ते पेव रिकामं करतायत. पोत्यांची वजनं लिहायला कुणीतरी लागेल."

मग सायकल काढली, हरिपूरला गेले, आणि पहिलं पोतं काट्यावर चढायच्या आत वही उघडून बसले.