एका कानाचा खटला

खात्याच्या मास्टरने मला मारलं तेव्हा कापड रंगवायचं जेट मशीन चालू होतं, त्यामुळे थपडेचा आवाज कुणाला आला नाही. पांडेसऱ्यातल्या एका डाईंग मिलमध्ये मी ऑपरेटर होतो. त्या दिवशी मेहंदी रंगाचा लॉट काळपट उतरला. रंगाचं माप मास्टरनेच दिलेलं होतं. ते मी बोलून दाखवलं आणि त्याने डाव्या कानावर एक ठेवून दिली. मी कान धरून वाकलो. त्याने माझा हात ओढून बाजूला केला आणि त्याच जागी दुसरी मारली. पहिली रागाची होती. दुसरी त्याने जागा बघून मारली, आणि मी भांडलो ते त्या दुसरीसाठी.

पोलीस चौकीत हवालदार गुजरातीत म्हणाला, "एक लाफो ज छे ने." एक चापटच तर आहे. साधी दुखापत, अदखलपात्र, असं नोंदवून त्याने मला घरी पाठवलं.

महिनाभर कान वाजत राहिला, मग अगदी गप्प झाला. सिव्हिल हॉस्पिटलच्या डॉक्टरबाईंनी तपासून सांगितलं, "इस कान से अब सुनाई नहीं देगा." कोर्टात गरिबांना फुकट वकील मिळतो हेही त्यांनीच सांगितलं.

मिळालेल्या वकीलबाई आमच्याच नंदुरबारकडच्या निघाल्या. म्हणाल्या, "हाड मोडलं, डोळा गेला किंवा एका कानाचं ऐकणं कायमचं गेलं, तर कायदा त्याला गंभीर दुखापत म्हणतो. मग ती थपडेने का होईना."

"किती वर्षं बसेल आत?"

"जास्तीत जास्त सात."

जास्तीत जास्त हे शब्द मी सोडून दिले. सात तेवढं घरी नेलं. मशीनवर उभा असताना मी मनात मास्टरला गजांआड बसवून बघायचो. त्याच्या पांढऱ्या शर्टाला डाग पडलेले बघायचो. बरं वाटायचं.

डॉक्टरांचा दाखला जोडून अर्ज केल्यावर गंभीर दुखापतीचं कलम लागलं. मास्टरला अटक झाली आणि त्याच दिवशी तो जामिनावर सुटला.

"हा गुन्हा जामीनपात्र आहे. जामीन हा त्याचा हक्क," वकीलबाई म्हणाल्या.

"आणि माझा हक्क कुठला?"

"तपास कुठवर आला ते पोलिसांनी तुला कळवलं पाहिजे. सरकारला खटला मागे घ्यायचा झाला, तर आधी तुझं ऐकावं लागेल. पण खटला सरकारचा आहे, दादा. तू त्यात साक्षीदार."

कान माझा आणि खटला सरकारचा. हे मला आजही पटलेलं नाही.

काही महिन्यांनी मास्टरच्या वकिलाने गुन्हा कबूल करून शिक्षा कमी करून घ्यायचा अर्ज दिला. वकीलबाईंनी समजावलं की यात मलाही बोलावणार, आणि मी मान्य केल्याशिवाय काही ठरणार नाही. घरी आई आमच्या अहिराणीत म्हणाली, "सोडी दे भो, त्याले बी पोरंसोरं शेतस." त्याला मुलंबाळं आहेत हे मलाही ठाऊक होतं.

कोर्टातल्या एका खोलीत आम्ही समोरासमोर बसलो. नुकसानभरपाई द्यायला तो तयार होता. मी म्हणालो, "खात्यात यायचं. मशीन बंद करून सगळ्यांसमोर सांगायचं की माप माझं चुकलं आणि मार याला दिला."

मास्टर हसला. "त्यापेक्षा केस चालू दे."

"चालू दे," मी म्हणालो. त्याच्या पैशाला नाही म्हणताना जे सुख मिळालं, ते लग्नातही मिळालं नव्हतं.

खटला चालला. त्याचा वकील म्हणाला, थपडेने कान जाईल हे याला काय ठाऊक? पण वॉशिंगवरच्या एका म्हाताऱ्या कामगाराने माझा हात ओढून मारलेली दुसरी थप्पड पाहिली होती. जजसाहेबांसमोर त्याने ती हाताने करून दाखवली. मास्टर दोषी ठरला.

मग शिक्षा. पहिलाच गुन्हा, घरची जबाबदारी, प्रोबेशन अधिकाऱ्याचा अहवाल चांगला. चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर त्याला सोडलं. मला भरपाई द्यायची आणि दर महिन्याला अधिकाऱ्यापुढे हजर व्हायचं, एवढंच. तुरुंगात एक दिवस नाही.

"अपील करा," मी वकीलबाईंना म्हणालो.

"तो निर्दोष सुटला असता तर तुला करता आलं असतं. शिक्षा कमी झाली म्हणून अपील सरकार करू शकतं, तू नाही. आणि सरकार करेल असं मला वाटत नाही."

त्यांनी खरं ते सांगितलं, पण मी त्यांच्याशी नीट न बोलता निघून आलो.

त्याच्या हजेरीचा दिवस मी माहीत करून घेतला. त्या दिवशी सुट्टी टाकून प्रोबेशन कार्यालयासमोरच्या लारीवर, म्हणजे चहाच्या हातगाडीपाशी, कप घेऊन उभा राहतो. त्याने मला बघावं एवढंच. पहिल्या वेळी तो मान खाली घालून आत गेला. नंतर रुमालाने तोंड झाकून यायला लागला.

मागच्या महिन्यात बाहेर पडल्यावर तो सरळ माझ्याकडे आला. डाव्या बाजूला उभा राहून काहीतरी पुटपुटला. ओठांवरून मला कळलं, माफी मागत होता.

"ऐकू नाही आलं," मी म्हणालो.

तो उजवीकडे आला. पुन्हा म्हणाला, हळू आवाजात. आता स्पष्ट ऐकू आलं होतं.

"मोठ्याने."

लारीवरची माणसं वळून बघायला लागली. त्याने मोठ्याने म्हटलं. मी चहा संपवला, कप टाकला आणि उधन्याकडे जाणाऱ्या रिक्षात बसलो. मन काही भरलं नाही. पुढच्या महिन्याची सुट्टी मी सांगून ठेवली आहे.