पिशवीसकट लावलेला गुलमोहर

आज शेजारच्या ताईंनी गुलाबाचं रोप आणलं. त्यांनी काळी पिशवी फाडली, तसा ओल्या मातीचा वास आला आणि मला माझं जुनं काम आठवलं.

वीसेक वर्षांपूर्वी मी मोशीच्या नव्या रस्त्याकडेला झाडं लावायच्या कामावर होते. त्या दिवशी साहेब बघायला येणार म्हणून मुकादम घाई करत होते. गडबडीत एक गुलमोहर मी पिशवीसकट खड्ड्यात ठेवला. माती दाबताना बोटांना प्लास्टिक लागलं तेव्हा कळलं, पण तोवर साहेबांची गाडी आली होती.

“समद्या पिशव्या फाडल्या न्हवं?” मुकादमांनी विचारलं. “न्हाईतर मुळ्या आतच गोल फिरत्यात. मग झाड वाऱ्यात आडवं व्हतं.”

“व्हय,” मी खाली बघत म्हणाले.

चारचौघांत बोलणी खाण्यापेक्षा एक रोप मेलेलं बरं, असं तेव्हा वाटलं. ते मेलं नाही. आता दुमजली घराएवढं झालंय, आणि नातीच्या शाळेची बस त्याच्याजवळच थांबते.

“आजी, सावलीत चल ना,” ती रोज म्हणते.

मी तिचा हात घट्ट धरून लांब उन्हातच उभी राहते.