पांढऱ्या गाडीतली लाल गाडी

खरं तर हे मी कुणाला सांगणार नव्हते. पण चहा ठेवलाच आहे, तर ऐका. फक्त आमच्या ह्यांच्यासमोर विषय काढू नका.

तर आम्ही गाडी घेतली. आमच्या घरातली पहिली, पांढरीशुभ्र. सिल्व्हर पार्कला आमच्या बिल्डिंगमध्ये छपराखालची जागा कधीच भरलेली, म्हणून ती गेटपाशी उघड्यावर उभी. दुसऱ्या दिवशी हे सासूबाईंना आणायला रत्नागिरीला गेले. एसटीने. गाडीवर अजून हात बसला नव्हता ना! जाताना म्हणाले, "आईला गाडी अशीच कोरी करकरीत दिसली पाहिजे. लक्ष ठेव."

आणि त्याच दुपारी गारा. आमच्याकडे कधी पडतात का हो गारा? मला वाटलं, वरच्या मजल्यावरून कुणीतरी पत्र्यावर चणे ओततंय. थांबल्यावर धावत खाली गेले, तर पांढऱ्या गाडीवर जिकडेतिकडे लाल डाग.

शेजारच्या हंसाबेन माझ्या मागोमाग आल्याच. डोळे बारीक करून म्हणाल्या, "ओले गिरने से ऊपर का कलर निकल गया. अंदर से तो लाल है."

"अंदर से लाल म्हणजे?"

"मतलब लाल गाडी को सफेद मारके दिया तुमको. जूनी गाडी छे, सुनंदाबेन. सेकंडहँड."

सासूबाई एवढ्या लांबून येणार, आणि गाडी दुसऱ्या कुणाची तरी वापरलेली? मी ह्यांना फोन लावला.

"अहो, आपली गाडी लाल आहे."

"काय?"

"आतून लाल. गारा पडल्या म्हणून कळलं."

एसटीच्या खडखडाटातून हे हळूच म्हणाले, "सुनंदा, तू जेवलीस का?"

ह्यांना पटणार नाही, पुरावाच हवा, हे मी ओळखलं. हंसाबेन म्हणाल्या, "थोडा और निकालके देखो." मी वर जाऊन भांड्यांची तारेची घासणी आणली आणि बॉनेटवर जोर लावून घासलं. पांढरा रंग निघाला खरा, पण खालून लाल येईना. राखाडी आला.

आता हे काय नवीन? मी हंसाबेनकडे पाहिलं.

त्या जराही डगमगल्या नाहीत. "लाल से पहले ग्रे थी. मतलब तुम तीसरे मालिक."

मी शोरूमला फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा माणूस आला. मी त्याला तिथेच गेटपाशी उभं करून सुनावलं. आम्ही साधी माणसं आहोत, फसवता कशाला, तिसरे मालक आहोत म्हणून तोंडावर सांगायचं ना. शेजारी हंसाबेन आणि वॉचमन माना डोलवत होते.

त्या माणसाने सगळं ऐकून घेतलं. एका लाल डागावर बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला.

"काकू, गाडीची पूजा कुणी केली?"

"मीच केली."

"कुंकू किती लावलं होतं?"

"मनापासून लावलं होतं," मी म्हटलं. आणि म्हणताना माझा आवाज बारीक होत गेला. बॉनेटवर स्वस्तिक, चारी दारांना टिळे, डिकीला टिळा, टपाला टिळा. टिकावं म्हणून तेलात कालवलेलं. त्यावर गारांचा मारा बसून ते सगळीकडे उडालं होतं.

त्याने साबणाचं पाणी मागवलं, फडका फिरवला. लाल गाडी बादलीत गेली, आमची पांढरी गाडी जागेवर आली. हंसाबेनना एकदम गॅसवरचं दूध आठवलं.

मग त्याने गाडीभोवती फेरी मारली. "टपाला, दाराला कुठे साधा पोचासुद्धा नाही. गारा अगदी बारीक होत्या. मग बॉनेटवर हे ताटाएवढं काय झालंय? रंगाखालचं राखाडी अस्तर दिसतंय."

"तेसुद्धा गारांचंच धरा ना," मी म्हटलं.

"काकू, गार वरून पडते. गोल गोल फिरत नाही."

संध्याकाळी ह्यांचा फोन. सासूबाईंना घेऊन निघाले होते. "आता नीट सांग, गारांनी किती नुकसान केलं?"

"गारांनी काहीच नाही हो," मी म्हटलं. "त्या बिचाऱ्या पडल्या आणि विरघळून गेल्या. नुकसान करायला मीच तेवढी उरले होते."