मेतोदीकाकांचा पहारा

बल्गेरियातल्या व्रात्सा शहराच्या केबल कारखान्यात मेल सर्व्हर सांभाळणारा मेतोदी कारादिमोव माणूस हुशार, पण भलताच भिडस्त. सर्व्हरवर बदल करायचं खातं त्याच्या एकट्याच्या नावाचं. दुसऱ्याला स्वतःचं हवं असेल तर संचालक बाईंची सही आणायची, आणि त्यासाठी वर जाणार कोण? त्यापेक्षा कॉफी पिता पिता मेतोदीकडे पासवर्ड मागितलेला बरा. नाही म्हणणं त्याला दारी आलेल्याला पाणी न विचारण्यासारखं वाटे. भीड भिकेची बहीण, हे त्याला कधी कळलंच नाही.

मग कुणीही सेटिंग बदलायचं, मेल अडकायची आणि बोलणी खायची मेतोदीनं. शेवटी वैतागून त्यानं सोय केली: सेटिंगमध्ये जरा बदल झाला, की काय बदललं आणि कुणी, याची मेल आपोआप संचालक पेनेवाबाईंना, सगळ्या विभागाला आणि त्याच्या घरच्या पत्त्यावरही जाणार.

"आता चोर सापडेल," तो बायकोला, नेवेनाला म्हणाला. निवृत्तीपर्यंतची उरलेली वर्षं त्याला मानानं काढायची होती, दुसरं काही नको होतं.

शनिवारी तो सासऱ्यांच्या अंगणात मिरच्या भाजत होता; हात काजळीचे, फोन घरात. तेवढ्यात कुणीतरी बाहेर जाणाऱ्या मेलवर बंधन घातलं. मोठ्या कंत्राटाची निविदा सर्व्हरमध्येच अडकली आणि कंत्राट गेलं. सूचना मात्र सगळ्यांना चोख पोचली. बदल करणारा: मेतोदी कारादिमोव.

सोमवारी पेनेवाबाईंनी त्याला आणि त्याच्या हाताखालच्या इस्क्रेनला वर बोलावलं.

"ही सोय तुम्हीच केलीत ना, मेतोदी? मग ती खोटं बोलतेय?"

"खोटं नाही, बाई. पण तो मी नव्हतो."

"मग काय, तुमच्या नावानं भूत आलं?"

मेतोदीनं इस्क्रेनकडे पाहिलं. इस्क्रेनला काम मेतोदीनंच शिकवलं होतं. इस्क्रेन कपातली साखर ढवळत राहिला.

"पासवर्ड सगळ्यांकडे आहे," मेतोदी शेवटी म्हणाला. "मीच दिलाय."

"म्हणजे चोरी नाही, दरवाजाच उघडा टाकलात," बाई म्हणाल्या. "उद्यापासून येऊ नका."

जिन्यात इस्क्रेननं त्याला गाठलं. "काका, चाचणी करून बघत होतो, परत फिरवायचं राहून गेलं. मला दोन लेकरं आहेत हो."

"वर बोलला असतास तर?"

इस्क्रेन घाईनं जिना उतरून गेला. आपलेच दात, आपलेच ओठ. मेतोदीला त्याचा रागही धड येईना. स्वतःचीच किळस येत होती.

संध्याकाळी जेवताना फोनवर मेल आली. सूचनांच्या यादीतून त्याचा घरचा पत्ता काढायचं कुणाला सुचलं नव्हतं, आणि कारखान्यात दुसऱ्या कुणाकडे खातं तरी कुठं होतं? मेतोदी कारादिमोव यांचं खातं बंद. बदल करणारा: मेतोदी कारादिमोव.

"कुणी बंद केलं?" नेवेनानं विचारलं.

"मीच," तो म्हणाला.