बोर्डाच्या ग्रुप फोटोतलं हातभर अंतर

"आबासाहेब, खुर्ची परत जवळ घ्या!" काळ्या कापडाखालून मी पुन्हा ओरडलो. आबासाहेब ढिम्म हलले नाहीत.

सदतीस सालची गोष्ट. प्रांतात निवडणुका होऊन नवं मंत्रिमंडळ आलं होतं आणि जो तो फोटो काढून घेत होता. आम्हा फोटोग्राफरांची चंगळ होती. निपाणीकडच्या एका लोकल बोर्डानं मला बेळगावहून बोलावलं. नव्या सभासदांचा ग्रुप फोटो कचेरीत लागायचा होता आणि एक प्रत कलेक्टरसाहेबांकडं जायची होती. त्यामुळं एकही सभासद वगळून चालणार नव्हतं.

घोडं अडलं ते शिवाप्पांपाशी. ते महारवाड्यातले, राखीव जागेवरून निवडून आलेले. त्यांची खुर्ची रांगेच्या एका टोकाला होती आणि शेजारी गावचे वतनदार आबासाहेब. त्यांनी आपली खुर्ची हातभर लांब ओढली, तशी बाकीची रांगही दुसऱ्या टोकाकडं सरकत गेली.

बोर्डाचे प्रेसिडेंट माझ्या कानाशी आले. "शिवाप्पाला मागं क्लार्क लोकांत उभं करूया का?"

हळू बोलले, पण शिवाप्पांनी ऐकलं.

"उभं ऱ्हायाला मी शिपाई हाय व्हय? मतं घिऊन आलोय. खुर्ची न्हाय तर माझा फोटू बी न्हाय."

आवाज जराही चढवला नाही. मला तो माणूस तिथंच आवडला.

आता थोडं कॅमेऱ्याविषयी. आमच्या स्टँड कॅमेऱ्याच्या मागं दुधी काच असायची. तिच्यावर दिसेल तेवढंच प्लेटवर यायचं, आणि दिसायचं तेही उलटं, डोकी खाली पाय वर. रांग लांबली की कॅमेरा मागं न्यायचा. पण माझ्या पाठीशी विहिरीचा कट्टा होता. कट्ट्यावर कॅमेरा चढवता आला असता. तसं मला कुणी विचारलं नाही आणि मीही बोललो नाही.

रांगेच्या दुसऱ्या टोकाला तंबाखूचे व्यापारी मलगोंडा अण्णा बसले होते. फोटोसाठी खास जरीचा पटका बांधून आलेले.

"अण्णा, माफ करा. तुम्ही फोटोत निम्मेच येताय."

"निम्मा?" अण्णा उठलेच. कापडात डोकं घालून स्वतःची अर्धी खुर्ची बघितली आणि तिथूनच कडाडले, "आबासाहेब, सरका की वो! तुमच्या हातभर जागंपायी मी बाहीर बसू व्हय?"

"तुम्हाला काय जातंय बोलायला? शेजारी मला बसायचंय."

"मग तुम्ही बसा माझ्या टोकाला, मी बसतो शिवाप्पाजवळ. निम्मं तुम्ही या फोटूत!"

आबासाहेबांनी अण्णांच्या रिकाम्या खुर्चीकडं बघितलं. प्रेसिडेंट म्हणाले, "सरका आता, ऊन चढायलंय." खुर्ची सरकली. आबासाहेबांचा खांदा शिवाप्पांच्या खांद्याला टेकला.

"हलू नका कुणी!" मी लेन्सचं झाकण काढलं. झाकण परत लावेपर्यंत मनात आकडे मोजायचे असतात. त्या दिवशी मी ते जरा सावकाशच मोजले.

प्रिंट तयार झाल्यावर माझ्या स्टुडिओत सगळ्यात आधी शिवाप्पा आले. फोटो बराच वेळ बघितला, हसले आणि "घरात दावतो" म्हणून घेऊन गेले. त्यांच्याइतकाच मीही खुशीत होतो.

मग आबासाहेब आले. एकटेच.

"तुम्ही म्हणं रिटचिंग करता?"

रिटचिंग म्हणजे निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून, कुठं खरवडून चेहऱ्यावरचे डाग, सुरकुत्या घालवणं.

"करतो की."

"मग आमच्या दोघांच्यात जरा जागा करून द्या."

मी निगेटिव्ह खिडकीशी धरली. "होईल. पण तुमचा खांदा खरवडावा लागेल. उपरण्याचा काठही जाईल."

आबासाहेबांनी वाकून निगेटिव्हवरचा तो काठ निरखला. मग म्हणाले, "खांदा ऱ्हाऊ द्या." आणि मोठ्या साइजच्या दोन प्रती सांगून गेले.

पुढं पुष्कळ ग्रुप फोटो काढले. माणसं उपदेशानं सरकत नाहीत. फोटोत येणार नाही म्हटलं की सरकतात.